परतलेला माणूस जाब विचारतो तेव्हा

कॉमिक्समध्ये मृत्यू कायमचा नसतोच, तर मेलेला जिवलग पुन्हा समोर आल्यावर सुपरहिरोला बसणारा धक्का वाचकाने खरा का मानावा, असा आपला प्रश्न आहे; वाचनाला सुरुवात कोठून करावी, हेही आपण विचारले आहे. आपली तक्रार रास्त आहे. परंतु असा प्रसंग उभा राहतो की कोसळतो, हे तो माणूस परत कसा आला यावर ठरत नाही. त्याच्या मृत्यूनंतर नायकाने आपले आयुष्य कोणत्या आधारावर रचले आणि परतलेला माणूस त्या रचनेचा जाब विचारतो की नाही, यावर ते ठरते.

जेसन टॉडचे उदाहरण माझ्या मते सर्वांत पक्के आहे. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन म्हणून वावरणारा हा दुसरा मुलगा. त्याने जगावे की मरावे, हा निर्णय डीसी या कॉमिक्स प्रकाशनसंस्थेने १९८८ मध्ये वाचकांच्या दूरध्वनीवरील मतांवर सोपवला. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि विरोधात ५,२७१ मते पडली, आणि बॅटमॅनचा शत्रू जोकर याच्या हातून तो मेला. पुढे बॅटमॅनच्या गुहेत काचेआड जपलेला त्याचा पोशाख वाचकांना वर्षानुवर्षे दिसत राहिला. २००५ मध्ये लेखक जड विनिक यांच्या कथानकात जेसन रेड हूड या नावाचा मुखवटाधारी बनून परततो, तेव्हा आपल्याला वाचवले नाही याबद्दल तो बॅटमॅनला दोष देत नाही. मला मारणारा अजून जिवंत कसा, एवढेच त्याला विचारायचे असते. जोकरला मारणे अवघड नाही, उलट फार सोपे आहे आणि एकदा त्या वाटेने गेल्यावर मागे फिरता येणार नाही, असे बॅटमॅन सांगतो. तत्त्व म्हणून हे उत्तर पटते, पण मुलाच्या नात्याने ऐकणाऱ्याला ते पुरत नाही, आणि लेखकाने ती दरी बुजवण्याचा प्रयत्न केलेला नाही. कोणाचाही जीव न घेण्याचा नियम बॅटमॅनने कितीतरी जणांना ऐकवला असेल. ज्याने त्या नियमाची किंमत मोजली, त्याला तो ऐकवण्याची पाळी येथे येते. (जेसन जिवंत कसा झाला, याचे स्पष्टीकरण मात्र फारच ओढूनताणून आणलेले आहे: दुसऱ्या विश्वातला एक सुपरबॉय वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारतो आणि त्या हादऱ्याने हा मुलगा जिवंत होतो. ते न वाचल्याने काहीही बिघडत नाही.)

मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेचे लेखक एड ब्रुबेकर यांनी त्याच सुमारास कॅप्टन अमेरिकाचा तरुण साथीदार बकी बार्न्सला परत आणले. बकी महायुद्धात मेला, हे १९६४ पासून गृहीत धरले गेले होते. आता तो सोव्हिएत हस्तकांनी स्मृती पुसून घडवलेला मारेकरी म्हणून समोर येतो. कॅप्टन अमेरिका कॉस्मिक क्यूब या इच्छा पुरवणाऱ्या वस्तूच्या शक्तीने त्याची स्मृती परत देतो, आणि स्मृतीबरोबर त्याने केलेला प्रत्येक खूनही त्याला आठवतो. मित्राला मित्र परत मिळवून देणारी कृतीच येथे त्या मित्राची शिक्षा ठरते.

'ब्लॅकेस्ट नाइट' (२००९-१०) या डीसीच्या मालिकेत मृतांची फौजच उठते. काळ्या अंगठ्या प्रेतांना उठवतात, त्यांचे आवाज आणि आठवणी वापरून जिवंतांच्या भावना चेतवतात आणि मग त्यांची हृदये उपटून घेतात. पहिल्याच अंकात राल्फ आणि सू डिबनी हे मृत जोडपे हॉकमॅन आणि हॉकगर्ल या आपल्या जुन्या सुपरहिरो मित्रांना ठार करते, तो प्रसंग खरोखर भयंकर आहे. मात्र समोरचे प्रेत म्हणजे तो माणूस नव्हेच, हे एकदा कळल्यावर नायकाला कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही, आणि पुढच्या भेटी हळूहळू बोथट होत जातात. त्यात एक सुंदर अपवाद आहे: डव्ह हे नाव घेणारा पहिला सुपरहिरो डॉन हॉल अंगठीच्या हाकेला उठतच नाही, कारण तो शांत झालेला आहे.

जाब टाळल्याचे उदाहरण हवे असेल तर मार्व्हलच्या एक्स-मेन या सुपरहिरो गटातल्या जीन ग्रेचे पाहावे. १९८० मध्ये ती मेली आणि १९८६ मध्ये परतली, तोवर तिचा प्रियकर सायक्लॉप्स याचे दुसरीशी लग्न होऊन त्याला मुलगाही झाला होता. तो त्या दोघांना सोडून जीनकडे गेला. ही जखम उघडी ठेवण्याऐवजी पुढे त्याची पत्नी मॅडेलिन हीच जीनची क्लोन असल्याचे ठरवून तिला खलनायिका केले गेले. त्यामुळे सायक्लॉप्स सुटला आणि कथेतला सर्वांत अवघड प्रश्न विचारायला कोणी उरले नाही.

वाचायला आपण रेड हूडपासून सुरुवात करावी; १९८८ चे अंक आधी वाचलेच पाहिजेत असे नाही, मृत्यूचा प्रसंग माहीत असला तरी पुरते. त्यानंतर बकीचे कथानक घ्यावे. 'ब्लॅकेस्ट नाइट'चा पसारा फार मोठा आहे, म्हणून मुख्य मालिकेचे आठ अंक वाचून थांबलात तरी चालेल.