साखर खाऊनही साखर का चढेना?

प्रश्न : मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० ही गोळी सुरू केल्यापासून जुलाब होतात. बंद करू का?

परस्पर बंद करू नका. आधी घेण्याची वेळ तपासा. रिकाम्या पोटी घेतली की त्रास वाढतो, म्हणून जेवतानाच घ्या. बहुतेकांचं पोट दोन-तीन आठवड्यांत सरावतं. नाहीच सरावलं तर डॉक्टरांना एसआर गोळीबद्दल विचारा. औषध तेच, फक्त हळूहळू सुटणारं. ही गोळी कुटून किंवा चावून खायची नाही. तिचं रिकामं कवच शौचात दिसलं तरी घाबरू नका, औषध आत गेलेलं असतं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये, त्यातही शाकाहारी मंडळींत, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं. पायाला मुंग्या आल्या की सगळा दोष मधुमेहावर टाकण्याआधी बी-१२ तपासून घ्या.

प्रश्न : वडिलांच्या एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज आहे. परवा त्यांना दरदरून घाम सुटला, साखर मोजायच्या मीटरवर ५८ आलं. साखर खायला दिली तरी आकडा लवकर हलेना. असं का?

वोग्लिबोजमुळे. घरातली साखर आतड्यात फुटल्याशिवाय रक्तात जात नाही आणि ती फोडणारं एन्झाइम हे औषध अडवतं. जेवणानंतरची साखर आवरते ती याच गुणामुळे, पण अडचणीच्या वेळी तोच आड येतो. गूळ, पेढा, बिस्किट यांचंही तेच. अशा रुग्णाच्या खिशात आणि उशाशी ग्लुकोज पावडरच हवी. ग्लुकोज फोडावं लागत नाही.

मीटरवर ७० च्या खाली आलं की १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे पावडर, पाण्यात द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. मग पोळी-भाजी किंवा भात खाऊ घाला. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकतो, त्यामुळे आकडा वर आला तरी दर दोन-तीन तासांनी बघत राहा. रात्री तर नक्कीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा. आणि ५८ ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालाच. वय वाढलं, मूत्रपिंड मंदावलं की जुना डोस जड होतो.

प्रश्न : एकादशीला गोळ्या घ्याव्यात का?

कोणत्या गोळ्या, त्यावर ठरतं. काही न खाता ग्लिमेपिराइड घेतली तर साखर उतरणारच. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. निर्जळी उपासात, तसंच उलट्या-जुलाबांत, या गोळ्यांवर रक्तात आम्ल साचू शकतं आणि तेव्हा मीटरवरची साखर फारशी वाढलेलीही नसते. डोसाचा बदल डॉक्टरांकडून उपासाआधी ठरवून घ्या. साबुदाण्याच्या खिचडीचा उपास मात्र साखर वाढवणारा, हे विसरू नका.

प्रश्न : इन्सुलिनचं पेन बिघडलं तर कार्ट्रिजमधलं इन्सुलिन नेहमीच्या सिरिंजने काढून घेता येईल का?

नाही. आपल्याकडच्या कुप्यांत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असतं, पेनच्या कार्ट्रिजमध्ये दर मिलिलिटरला १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी. तिच्यात कार्ट्रिजमधलं इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरलंत तर अंगात ५० युनिट जातील. घरात सुटं पेन जास्तीचं ठेवा.