शाहू जयंतीचा नाश्ता, दीडशे पानांचा

प्रश्न : २६ जूनला आमच्या तालमीतर्फे पेठेत सलोखा राखणाऱ्या पाच जणांचा सत्कार आणि दीडशे जणांना मिसळ असा बेत आहे. अंदाज कसा धरावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोरडी मटकी पाच किलो, फरसाण सात किलो, कांदा पाच किलो, लिंबं ऐंशी. माणशी चार स्लाइस धरून ब्रेडचे सहाशे स्लाइस सांगा. कट तीस लिटर लागतो. आपल्याकडं तो दोनदा मागतातच.

मटकी आठ तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. जूनच्या दमट हवेत पाणी राहिलं तर ती चिकट होते, वास मारते. कटात मटकी शिजवू नका. गाळ होतो आणि तिखट कमी-जास्त करता येत नाही. फरसाण पानात, तेही वाढतानाच.

जैन मंडळींसाठी कांदा-लसूण नसलेला कट वेगळ्या पातेल्यात करा, पळीही वेगळी ठेवा. तारीख एकादशीला किंवा रोज्यात येते का, ते आधी पाहा. उपवासवाला उपाशी परतला, तर एकोप्याचा नाश्ता कसला?

सत्कार खाण्याआधी उरका, एकेकाला तीन मिनिटं. नंतर ठेवला तर निम्मी माणसं हात धुऊन कामाला जातात. फेटे आधी बांधून घ्या. नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं पुकारा, म्हणजे मानापमान होत नाही. आणि प्रत्येकानं नेमकं काय केलं, हे एका वाक्यात सांगाच. नुसतं ‘समाजसेवक’ म्हणणं अपुरं आहे.