१ दिवस की एक दिवस?

प्रश्न : आमच्या बचत गटाची स्मरणिका मी टाइप करतेय. मुलगा म्हणतो सगळीकडे आकडेच टाक, पटकन दिसतात. सासरे रिटायर्ड मास्तर, ते पेन घेऊन प्रत्येक आकडा अक्षरात करून ठेवतात. मधल्यामधे माझी प्रूफं काळी झालीत. नक्की करू काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. सगळे छापखाने पाळतात असा एकच नियम काही मराठीत नाही, मी आपलं वाक्य मोठ्यानं वाचून बघतो की हा आकडा कोणी तपासणार आहे का नुसता बोलता बोलता आलाय. आता आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती हे लिहायचं तर आकडाच पाहिजे, इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, २०१९ला पाणी ५७च्या वर गेलेलं, तिथं 'सत्तावन्न' वाचत कोण बसणार, नदीकाठचा माणूस आधी आकडाच शोधतो. हळदीचा दर, तारीख, वर्गणी, गाडीची वेळ, सगळं तसंच.

पण "१ दिवस अध्यक्षबाई घरी आल्या" असं छापलं की गेलं! तिथला 'एक दिवस' म्हणजे कधीतरी, तो मोजलेला नव्हेच. "२ घास खाऊन जा", "४ लोक काय म्हणतील", वाचवत नाही हो. आणि बायकांचा गट तुमचा, "३ जणींनी सुरू केला" लिहिलंत तर आपली 'तिघींनी' कुठं जाणार? दीड-अडीचचं पण तेच, रेसिपीच्या पानावर २.५ वाट्या दाणे दिसले तर सासूबाई चष्मा पुसतील.

उलटं उदाहरण एकच आठवतंय, छत्तीसचा आकडा. तो मात्र ३६ असा लिहिला तरच कळतो, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेत.

हिशोबाच्या पानावर एकूण रक्कम दोन्हीत टाका, मागं एक शून्य वाढवायला कितीसा वेळ लागतो. चेकवर दोन्ही लिहितो ते उगाच नाही, १८८१च्या कायद्यात आहे की आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरातली रक्कम धरायची. हे मास्तरांना सांगा, खूश होतील. फक्त ८३ अक्षरात टाइप करायची वेळ आली तर कीबोर्ड त्यांच्याकडे द्या, 'त्र्याऐंशी' माझ्याकडून अजून एका फटक्यात उमटत नाही.