'बडी बांका' मधला बांका

प्रश्न असा होता की पठ्ठे बापूरावांच्या 'मुंबई नगरी बडी बांका, जशी रावणाची दुसरी लंका' या ओळीतला बांका आणि 'बाका प्रसंग' मधला बाका एकच का, आणि नगरी स्त्रीलिंगी असताना बांकी का नाही म्हटलं.

शब्द एकच आहे. संस्कृतातला वक्र, त्याचं प्राकृतात झालं वंक, आणि तिथून आपल्याकडे वाकडा, वाकणं, पाठीला येतो तो बाक, बाकदार ही सगळी भावंडं आली (शाळेत बसायचा बाक मात्र यातला नाही, तो पोर्तुगीजांकडून आलाय). आता जिथून सरळ निघता येत नाही तो बाका प्रसंग. पण वाकडेपणात ऐटही असते ना, फेटा जरा तिरका, मिशीला पीळ, असा गडी दिसला की लोक म्हणणार काय बांका जवान आहे! उत्तरेत बांके बिहारी म्हणतात तो कृष्णही तीन ठिकाणी वाकून उभा असतो, म्हणून तर बांका. लावणीत हाच अर्थ घ्यायचा, रुबाबदार, नखरेल, बघत राहावं अशी.

बांकी का नाही, तर यमक. साधं बोलताना बांकी नगरीच म्हणाल, पण इथे पुढे लंका आहे आणि त्याच्या पुढे 'वाजतो डंका' आहे, ढोलकीवर ते तीन 'का' कसे पडत असतील ते मोठ्याने म्हणून बघा, लगेच पटेल. आणि 'मोठी' न म्हणता 'बडी' म्हटलंय ते मला फार आवडतं, मुंबईच्या रस्त्यावरची सरमिसळ बोली थेट लावणीत आलीये.

आता या ओळीतून शहर कसं दिसतं ते बघा. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. त्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० मध्ये अण्णाभाऊ साठे जन्मले आणि त्यांनीही मुंबईची लावणी लिहिली, तिची सुरुवात 'मुंबईत उंचावरी, मलबार हिल इंद्रपुरी, कुबेराची वस्ती तिथं सुख भोगती' अशी. एकाच मातीतले दोन शाहीर, दोघांनाही मुंबई बघून सोन्याची नगरीच आठवली, आणि पुराणात लंका आधी कुबेराचीच होती, रावणाने ती त्याच्याकडून घेतली! फरक एवढाच की बापूराव अख्ख्या नगरीला लंका म्हणतात आणि अण्णाभाऊ, जे स्वतः गिरणीत राबलेले, ते कुबेराला टेकडीवर बसवून लगेच खाली परळात येतात, रात्रंदिवस राबणाऱ्या, मिळेल ते खाऊन घाम गाळणाऱ्या माणसांकडे. गिरण्यांमध्ये सातारा-कोकणातून आलेली लाखभर माणसं म्हणजे हीच.

त्यामुळे अर्थ रुबाबदार असाच घ्या, पण तुम्हाला बाका प्रसंग आठवला त्यात मला काही वावगं वाटत नाही, परळातल्या चाळीत राहणाऱ्याला ही नगरी दोन्ही अर्थांनी बांका होती.