कुंपणाला पडलेली खिंडारं

प्रश्न : शेताच्या रस्त्याकडच्या अंगाला सासऱ्यांनी लावलेलं झाडांचं कुंपण आहे, मेंदी, करवंद, निर्गुडी, अडुळसा असं सगळं मिक्स. त्याला पाच-सहा खिंडारं पडलीत, शेळ्या सरळ आत येतात. दोन वर्षं करवंदाची रोपं आणून लावतेय, एक जगत नाही. सगळं उपटून तारेचं कंपाऊंड करू का?
– एक वाचक, भोर तालुका

उत्तर : ताई, उपटू बिपटू नका. आधी त्या खिंडारापाशी उकिडवं बसून बघा, म्हणजे शेळीच्या उंचीवरून. वरनं हिरवंगार आणि खाली नुसते बुंधे, असंच दिसेल. दरवर्षी फक्त शेंडे छाटले की वरचा पसारा छत्रीसारखा होतो, खाली ऊन पोचत नाही आणि खालची फूट मरते. तुमची रोपंही त्यातच गेली असणार, एक तर सावली, त्यात शेजारच्या जुन्या मुळांनी पाणी ओढलं, उरलंसुरलं शेळीनं.

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की मेंदी आणि निर्गुडी फूटभर ठेवून बाकी छाटून टाका. बघवणार नाही, पण दोन्ही बुंध्यापासून मस्त फुटतात. करवंद मात्र यंदा अर्धं, बाकीचं पुढच्या वर्षी. मे महिन्यात कोयता लावू नका, उन्हानं बुंधे भाजतात आणि आत बुलबुलाचं घरटंही असू शकतं.

लहान खिंडाराला नवीन रोप नकोच. शेजारच्या निर्गुडीची लवचिक फांदी वाकवा, जमिनीला टेकते तिथली साल जरा खरवडा, वर माती आणि एक दगड. पावसाळाभर राहू दे, मुळं धरेल, तोडायची घाई करू नका. मोठ्या खिंडारात दीड फूट चर खणून आडवी आलेली जुनी मुळं तोडा, शेणखत घाला आणि निर्गुडी-अडुळशाच्या काड्या दोन ओळींत नागमोडी लावा, फूटभर अंतरानं. या दोन्हींना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. काटा हवाच असेल तर मधे सागरगोटा, फक्त बी दगडावर घासून रात्रभर भिजवा, नाहीतर टणक कवचामुळे उगवायला फार वेळ घेतं. मोगली एरंड पटकन लागतो, पण बिया विषारी, घरात लहान पोरं असतील तर मी लावणार नाही.

पहिली दोन वर्षं खिंडारात बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकून ठेवा. पुढची छाटणी खाली रुंद, वर निमुळती. आणि शेळ्या कुणाच्या ते तुम्हाला माहीत असेलच, छाटणीतला शेळ्या खातील तो पाला त्यांनाच न्यायला सांगा, म्हणजे बोलायला निमित्तही होईल.