बीएस्सी नर्सिंगसाठी कर्ज काढावे का?

प्रश्न : मुलगी बारावी झाली. जीएनएम (नर्सिंगची पदविका) स्वस्त पडते, खासगी बीएस्सी नर्सिंगला कर्ज लागेल. काय करावे?

उत्तर : आधी सीईटीतून सरकारी कॉलेज मिळते का पाहा; तिथे कर्जाचा प्रश्नच बहुधा उरत नाही. जीएनएम तीन वर्षांचे, बीएस्सी चार. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत बीएस्सीवाली थेट बसते; जीएनएमला पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथले मूळ वेतन ४४,९०० रुपये. लहान खासगी रुग्णालयांत मात्र पगार फारच तोकडे, आणि हप्ते थकतात ते इथेच. म्हणून हप्ता खासगी पगारावरच मोजा. वसतिगृह, गणवेश, परीक्षा शुल्क धरा. कॉलेजला जोडलेले रुग्णालय प्रत्यक्ष बघा. खाटा रिकाम्या असतील तर हात बसणार नाही.