‘सिंक्रेटिझम’ला समन्वय म्हणावं का?

एका भाषांतरकार मैत्रिणीचा प्रश्न आहे: तिसऱ्या शतकातला प्रेषित मानी याच्या धर्मावरच्या लेखात ‘सिंक्रेटिझम’साठी, म्हणजे वेगवेगळ्या धर्मांतल्या कल्पना एकत्र येण्यासाठी, संकर, सरमिसळ की समन्वय?

मी समन्वय घेईन, पण त्याच्या जुन्या अर्थाने.

संकर नको. गीतेतल्या ‘वर्णसंकरा’पासून त्याला दोषाचा वास आहे. ‘संकरित बियाणं’ म्हणताना तो जाणवत नाही, ‘धर्मसंकर’ म्हटलं की लगेच जाणवतो. मूळ ग्रीक शब्दात हा दोष नव्हता. प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्क सांगतो की क्रीट बेटावरचे लोक एरवी आपसांत भांडत, पण बाहेरून शत्रू आला की एक होत. त्या एकीला ते ‘सिंक्रेटिस्मोस’ म्हणत. दूषणाची छटा आली ती पुष्कळ नंतर, १७व्या शतकातल्या ख्रिस्ती पंथांच्या वादांत.

सरमिसळ हा गोड शब्द आहे, पण ती आपोआप होते, कुणी ठरवून करत नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक जादूटोण्याच्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या हस्तलिखितांत) ग्रीक, इजिप्ती आणि यहुदी देवांची नावं एकाच मंत्रात येतात. तिथे हा शब्द अगदी चपखल बसतो.

मानीचं तसं नाही. इ.स. २१६मध्ये बाबिलोनियात जन्मलेला हा माणूस एका यहुदी-ख्रिस्ती स्नानपंथात वाढला. इराणचा सासानी सम्राट पहिला शापूर याच्यासाठी त्याने ‘शाबुहरगान’ हे पुस्तक लिहिलं. त्यातला एक उतारा मध्ययुगीन विद्वान अल्-बिरूनीने जपून ठेवला आहे. त्याचा आशय असा: प्रेषित युगायुगांत येत आले, बुद्ध हिंदुस्थानात, झरथुष्ट्र इराणात, येशू पश्चिमेत, आणि आता बाबेलच्या भूमीत मी. म्हणजे आधीच्यांचं सांगणं एकच आणि ते पुरं करणारा मी, असा त्याचा दावा होता.

आता ‘तत्तु समन्वयात्’ हे ब्रह्मसूत्र आठवा. उपनिषदांची वाक्यं वेगवेगळी असली तरी त्यांचा रोख एकाच ब्रह्माकडे आहे, हा तिथला समन्वय. मानीचा दावा याच जातीचा आहे. ‘समन्वय समिती’ आणि ‘समन्वयक’ यांनी हा शब्द आज तडजोडीच्या, जुळवून घेण्याच्या पातळीवर आणला आहे. मला याचं खरंच वाईट वाटतं.

शिवाय मानीचा धर्म जिथे गेला तिथली नावं त्याने मुद्दाम घेतली. मध्य-फारसीत त्याच्या कथेतला ‘आदिपुरुष’ ओहर्मझ्द झाला आणि सर्वोच्च पिता झुर्वान, ही दोन्ही इराणी देवांची नावं. पार्थियन या जुन्या इराणी भाषेतल्या ग्रंथांत मानीच्या मृत्यूला ‘परनिब्रान’ म्हटलं आहे, म्हणजे आपलं परिनिर्वाण! कथा मात्र सगळीकडे तीच राहिली: अंधारात अडकलेला प्रकाश आणि त्याची सुटका. चीनमध्ये तर मानी ‘प्रकाशाचा बुद्ध’ झाला. फूजियान प्रांतात च्वानचौजवळच्या साओआन मंदिरात त्याची १३३९ सालची दगडी मूर्ती आजही आहे. चिनीत त्याचं नाव ‘मोनी’ असं लिहितात, आणि बौद्ध ग्रंथांत संस्कृत ‘मणि’साठीही तीच दोन अक्षरं येतात. मानी हे नाव आणि मणी यांचा मुळात काही संबंध नाही, पण चिनी वाचकाला त्या नावात रत्न दिसत असणारच.

तेव्हा लेखात ‘समन्वयी धर्म’ असं लिहावं आणि पहिल्या वापराशी एक वाक्य जोडावं: ‘अनेक धर्मांचा रोख एकच मानणारा, या अर्थाने.’ पपायरसांचा परिच्छेद आला तर तिथे सरमिसळच ठेवावी. मूळ लेखात दोन्हींना एकच शब्द असला, तरी मराठीत दोन हवेत.